आबांना कुणीच न शिकवलेला शब्द

इथं लोक लिहितात ते गूढ अनुभव मी आवडीनं वाचते, पण खरं सांगायचं तर आजवर एकावरही माझा विश्वास बसलेला नाही. मी बी.एस्सी. झालेय, घरातली पहिलीच ग्रॅज्युएट. अंगात येणं, करणी, असलं काही आमच्याकडं कुणी मानत नाही. आबांनीच आम्हाला तसं वाढवलं. म्हणून हे लिहिताना हात जड होतोय...

आबा म्हणजे माझे वडील. नेकनूरच्या बाजारात ते जनावरांचे दोर, कासरे विकतात. स्वतः चौथी शिकलेले, पण मला कॉलेजला बीडला पाठवताना त्यांनी कधी कुरकुर केली नाही. जर्मनीत नर्सिंगच्या ट्रेनिंगला जायचं म्हणून मी जर्मनचा ऑनलाइन क्लास लावला, तेव्हाही नाही. घाबरलेल्या पेशंटशी बोलता यावं म्हणून मी भीतीचे, घबराटीचे इंग्रजी शब्द घेऊन त्यांचे जर्मन शब्द मोठ्यानं पाठ करायचे. आबा ओसरीवर दोर वळता वळता ऐकायचे. ऐकून ऐकून माझ्याआधी त्यांचेच पाठ झाले. मग तो खेळच झाला — मी इंग्रजी म्हणायचं, त्यांनी जर्मन.

"पॅनिक?"

"पानिक."

"अलार्म?"

"आलार्म. ह्यो तर चोरलेलाच हाय."

"फ्राइट?"

"श्रेक. शिंक आल्यावानी वाटतंय बघ. तिकडं जाऊन पेशंटच्या तोंडावर शिंकू नको म्हंजे झालं."

एका सकाळी दुकान उघडताना आबा कोसळले. लकवा. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. बीडला दवाखान्यात ॲडमिट केलं. डॉक्टर म्हणाले, ओळखीचं काहीतरी बोलत राहा, बोलणं येईल हळूहळू.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई कपडे आणायला गावी गेली होती. आबांपाशी मी एकटीच. अचानक त्यांना दरदरून घाम फुटला. डाव्या हातानं त्यांनी माझा दंड धरला तो सोडेचनात. तोंडातून नुसतं "अं... अं..."

दुखतंय का आबा? पाणी देऊ का? कूस बदलू का? ते माझ्याकडं बघत होते, पण माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हतं. सिस्टरांना हाक मारली. त्यांनी दारातूनच पाहिलं.

"घाबरलेत ते. लकव्यात होतं असं. धीर द्या त्यांना."

धीर कुठून आणायचा... डोळ्यांदेखत बाप जातोय असं वाटत होतं, आणि त्याला काय होतंय एवढंही मला कळत नव्हतं. काहीच सुचेना, म्हणून मी आमचा खेळ सुरू केला. वेडेपणाच तो.

"आबा, पॅनिक?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"अलार्म?"

नाही.

"फ्राइट?"

नाही. माझे शब्द संपले. मी रडायला लागले. आणि आबा बोलले — अगदी स्पष्ट, ओसरीवर बोलायचे तसे.

"बेक्लेमुंग."

शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची मावशी उठून आली. "बोलले की गं. पर हे काय म्हणायलेत?"

मला माहीत नव्हतं. हा शब्द मी कधी ऐकलाच नव्हता. मोबाईलवरच्या जर्मन डिक्शनरीत शोधला. अर्थ आला — छातीवर दाब आल्यासारखी, छाती आवळून धरल्यासारखी घालमेल.

मी पळत सुटले. सिस्टरांपुढं हात जोडले, म्हटलं, छातीत दाबतंय म्हणतायत. कुठल्या भाषेत म्हणाले ते सांगितलं नाही. ईसीजी काढला आणि एकदम धावपळ उडाली. हार्ट अटॅक होता. वेळेत कळलं म्हणून वाचले, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

क्लासच्या मॅडमना मी विचारलं. हा शब्द आपल्या पुस्तकात नाही, मी शिकवलेलाही नाही, असं त्या म्हणाल्या. क्लास मी इअरफोन लावून ऐकायचे. आबांकडं बटणाचा साधा फोन. सगळीकडून विचार करून पाहिला, हाती काहीच लागत नाही.

आबा आता अडखळत का होईना, बोलतात. परवा मी धीर करून विचारलंच — त्या दिवशी दवाखान्यात तो जर्मन शब्द कुठून काढला होता?



"जर्मन? माय, जीव चाललाता माझा... तवा जर्मन कशाला बोलतो मी? छातीत दाबायलंय म्हणलं तुला. मराठीतच म्हणलं. तू पळाली की लगेच."