साळवे सरांचा अनुशेष

लग्नाच्या पंगतीत साळवे सर बसले की वाढप्याची परीक्षा असायची. बुंदी पानात पडली की बाकीचे हात आडवा करून "पुरे, पुरे" म्हणायचे. सर वाढप्याचं मनगटच धरायचे. "थांब जरा. पंगतीच्या त्या टोकाला किती वाढलं, मी पाहून राह्यलो. आमच्यापर्यंत येता येता पळी लहान झाली. अनुशेष भर आमचा." पोरगं बिचारं गोंधळून आणखी दोन पळ्या टाकायचं. मी शेजारी मान खाली घालून वरणात भात कालवायचो.

अनुशेष म्हणजे एखाद्या भागाच्या वाट्याला जे यायला हवं होतं आणि आलं नाही, ते. सरकारी शब्द आहे. बाकीचे लोक तो पेपरात वाचतात, आमच्या सरांनी तो जेवणात वापरला, बसमधल्या जागेसाठी वापरला, आणि एकदा तर सलूनवाल्याशी भांडताना वापरला. सर आता नाहीत. परतूरला आता कुणी वाढप्याचं मनगट धरत नाही, आणि खरं सांगायचं तर पंगतीत बसायला मजाही येत नाही.

परतूरच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे, मी मराठी. मला ते नावानं कधीच हाक मारत नसत, "मराठीवाले" म्हणायचे. फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा काढताना पुणे जिल्हा नेहमी जरासा बारीक यायचा आणि आमचा जालना चांगला गुबगुबीत. मुख्याध्यापकांनी एकदा हटकलं. सर खडू झटकत म्हणाले, "साहेब, पैशानं तर होऊ देत न्हाईत. नकाशात तरी दोन घास जास्ती खाऊ द्या त्याला."

कुठला जिल्हा किती श्रीमंत, हे ठरवायची त्यांची स्वतःची रीत होती. नव्या गावाला उतरलं की सर आधी एसटी स्टँडच्या मुतारीत जायचे. गरज असो नसो. "मराठीवाले, जिल्ह्याची ऐपत बँकेत नका पाहू. बँकेत समदेच इस्त्रीचे कपडे घालून येतेत. इथं पाहा." एकदा शाळेची सहल पश्चिम महाराष्ट्रात नेली होती. एका भल्या थोरल्या स्टँडवर सर ऐटीत आत गेले आणि रुमाल नाकाला लावून बाहेर आले. चेहरा असा खुललेला की जणू सरकारनं मागण्या मान्य केल्या. "बराबर आपल्यासारखीच हाय! मंग ह्यांचा पैसा जातो कुठं?"

हा प्रश्न त्यांनी थेट जगतापांना विचारला. जगताप सर आमचे खेळाचे शिक्षक, मूळचे साताऱ्याकडचे, नोकरीमुळं परतूरला आले आणि इथंच रुजले. जगताप म्हणाले, "आवो साळवे, आम्ही काय तुमच्या घरातनं उचलून नेलं का?"

"तुम्ही न्हाई नेलं. तुमच्या आज्यानं नेलं. तुम्ही निस्ते बसून खाऊन राह्यले." असं म्हणून सरांनी जगतापांच्या डब्यातला मटकीचा अर्धा वाटा स्वतःकडं ओढला. हे रोजचं होतं. जगतापांच्या बायकोनं पुढं पुढं डबाच मोठा पाठवायला सुरुवात केली होती, पण ते सरांना कुणी सांगितलं नाही.

एका बाबतीत मात्र सरांना थट्टा चालायची नाही. शिकून पुण्याला गेलेल्या पोरांचा विषय निघाला की त्यांचा आवाज चढायचा. "आपण पिकवायचं, त्यांनी न्यायचं. कापूस नेला, आता पोरं नेऊन राह्यले. अन् ही पोरं दिवाळीला गाडी घेऊन येतेत, आपल्याच बोअरच्या पाण्यानं गाडी धुतेत, 'गावात काही राहिलं नाही' म्हणतेत अन् निघून जातेत. आरं, तूच न्हाई राह्यला तर काय राहील?" यावर जो तो वह्या तपासायला घेई, कारण स्टाफरूममधल्या निम्म्या लोकांची पोरं पुण्यातच होती.

सरांना एकच मुलगी, उज्ज्वला. ती शिकून लहान लेकरांची डॉक्टर झाली. आमच्याकडं कुणाचं पोर डॉक्टर झालं की सत्कार करायची पद्धत आहे. शाल, नारळ, हार, आणि मग बापाचं भाषण. पोरीला बोलायला सांगतात ते शेवटी, वेळ उरला तर. सत्कार बुद्धविहाराच्या अंगणात झाला. गर्दी चांगली होती. सरांच्या हातात माईक आला आणि जगताप माझ्या कानात म्हणाले, "आता संध्याकाळ गेली."

सर रंगले. निजामापासून सुरू केलं, रेल्वेवर आले, पाण्यावर आले, पुण्याला चार शिव्या घातल्या. लोक टाळ्या वाजवू लागले. टाळ्या ऐकल्या की सरांचा स्वतःवर ताबा राहायचा नाही. "अन् म्हणून आज सांगतो," ते गरजले, "माझी उज्ज्वला पुण्याला जाणार न्हाई! ती हितंच, परतूरला, तुमच्या लेकरांना तपासील! बिलकुल!" अंगण उभं राहिलं. म्हाताऱ्या बायांनी उज्ज्वलाच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मी तिच्याकडं पाहत होतो. तिच्या मांडीवरची शाल घसरून खाली पडली तरी तिला कळलं नाही. तिला पुण्यात पुढचं शिक्षण मिळालं होतं, कमी वजनाच्या, दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांचं. घरात ती हे बापाला सांगायची संधी शोधत होती. बापानं गावाला आधीच शब्द देऊन टाकला होता.

दुसऱ्या दिवसापासून सरांना रस्त्यानं चालणं अवघड झालं. पानवाला विचारायचा, "सर, डॉक्टरीण बाई कधी बसणार?" कुणी नातवाला खांद्यावर टाकून थेट घरीच यायचं. उज्ज्वला प्रत्येक लेकराला तपासायची, औषध लिहून द्यायची. बापाशी मात्र बोलायची नाही. जे बोलायचं ते आईमार्फत. "आई, सरांना सांग, जेवण वाढलंय." पप्पांचे सर झाले, हे सरांना फार लागलं.

मग ते मला घरी घेऊन गेले. "मराठीवाले, तुमचं ती ऐकती. समजावा जरा. मी शब्द देऊन बसलो हाय, गावात तोंड कसं दाखवू?" मला बाहेर उज्ज्वलापुढं बसवून ते स्वतः चहा करायचं निमित्त काढून स्वयंपाकघरात शिरले. वहिनींनी त्यांच्याकडं असं पाहिलं की काय सांगावं!

उज्ज्वला शांत होती. म्हणाली, "काका, पप्पांनी मला लहानपणापासून एकच गोष्ट शिकवली. वर बसलेल्यांनी आम्हाला न विचारता वाटणी केली, म्हणून आम्ही मागं राहिलो. शिकवलं ना? मग माझी वाटणी करताना त्यांनी कुणाला विचारलं? मी कधी परत येणारच नाही असं म्हणाले का? येईनही. पण ते मी माझ्या तोंडानं सांगेन. माईकवरून कुणी दुसऱ्यानं नाही."

आत चहा उतू गेल्याचा वास आला. वहिनी म्हणाल्या, "अवं, गॅस बंद करा की!" सरांनी काही केला नाही बंद.

बुद्धपौर्णिमेला विहारात खीरदान होतं. सगळं गाव तिथंच. वंदना झाली, पाहुण्यांचं भाषण झालं, आणि सर उठले. जगताप हळूच म्हणाले, "कुणीतरी माईक काढून घ्या रे." कुणी घेतला नाही.

"मागल्या खेपेला मी हितं एक गोष्ट बोल्लो," सर म्हणाले. आवाज नेहमीसारखा नव्हता. "ती मागं घेतो. उज्ज्वलाला पुण्याला जायचंय शिकायला. मी तिला इचारलं न्हाई. जन्मभर मी वरडून राह्यलो की आम्हाला कुणी इचारत न्हाई. अन् घरात मीच न्हाई इचारलं. पुण्यावाल्यांत अन् माझ्यात काय फरक राह्यला मंग?"

पुढं बसलेली गंगूमावशी, जिचा नातू परवाच उज्ज्वलानं तपासला होता, बसल्या जागेवरून म्हणाली, "अन् आमच्या लेकरायचं काय, सर?"

सरांनी माईक दुसऱ्या हातात घेतला, पुन्हा पहिल्या हातात घेतला. "मावशे, तुझं मागणं खरं हाय. पण ते सरकारला मागायचं असतं, मी पोरीला मागितलं. सरकार लांब हाय, पोरगी घरात हाय, म्हणून." मग माईक खाली ठेवून ते खीर वाढायला उभे राहिले. काही लोकांनी त्या दिवशी त्यांच्या हातची खीर घेतली नाही. पलटी मारली म्हणाले. सर पुढच्या माणसाकडं जात राहिले. उज्ज्वला ओळीत बसली होती. तिनं द्रोण पुढं केला आणि म्हणाली, "पप्पा, थोडी जास्त वाढा."

ती निघाली त्या दिवशी आम्ही स्टेशनवर गेलो. गाडीत जागा धरायला जगताप धावत पुढं गेले आणि दोन जागा धरून बसले. एक उज्ज्वलाला, एक तिच्या बॅगेला. ती बसल्यावरच खाली उतरले. सर खिडकीशी उभे राहून सूचना देत होते. पुण्याचं पाणी उकळून पी, रिक्षावाल्याला आधी भाव विचार, तिथल्या लोकांना आपलं गाव विचारलं तर जिल्ह्यासकट सांग. उज्ज्वला हसत होती. गाडी हलली. सर हात हलवत फलाटाच्या टोकापर्यंत गेले. गाडी दिसेनाशी झाली तरी तिथंच उभे होते. जगताप आणि मी जवळ गेलो.

"सर, चांगलं केलंत तुम्ही," मी म्हणालो.

"काय डोंबलाचं चांगलं," सर म्हणाले. "मराठीवाले, काल रात्रीपर्यंत मला वाटत हुतं, ती 'ऱ्हाते' म्हणल. निस्तं एकदा म्हणल. मी 'जा' म्हणलो आसतो, खरंच म्हणलो आसतो. पण तिनं म्हणायला पायजे हुतं." आणि फलाटावरच्या सगळ्या माणसांसमोर, हमालांसमोर, चहावाल्यासमोर, साळवे सर लेकरासारखे मोठ्यानं रडायला लागले. जगतापांनी त्यांना धरलं, आणि कितीतरी वेळ तसंच धरून ठेवलं.