सकाळच्या विमानातली जागा

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आणि त्याच्यापासून मी काही लपवते असं नाही हं — माझं खरं वजनसुद्धा त्याला माहीत आहे. पण हे नाही. हे आजवर कुणालाच नाही. तुम्हाला का सांगतेय? कोण जाणे. तुम्ही आमच्या गल्लीत राहत नाही, म्हणून असेल.

आधी सिपोरामावशींबद्दल सांगू द्या, नाहीतर बाकीचं कळायचं नाही. पनवेलला आमच्या समोरच्याच घरात राहतात. बेने इस्रायल — म्हणजे आपले कोकणातले मराठी ज्यू. त्यांचे बहुतेक नातेवाईक एकेक करत इस्रायलला गेले, मावशी राहिल्या. जन्मभर नर्स. लग्न केलं नाही. बोलणं असं फटकळ की त्यापेक्षा इंजेक्शन परवडलं! पण माणूस? सोनं हो, सोनं. माझी आई आजारी होती तेव्हा तिला पहाटे इंजेक्शन लागायचं. मावशी रोज यायच्या — पावसात, अंधारात, केस नीट विंचरून, पातळाला इस्त्री करून. एकदा मी म्हटलं, "तुमची झोपमोड होते हो मावशी." तर म्हणाल्या, "झोपेचं काय मेलं, मेल्यावर झोपायचंच आहे. तू पाणी उकळ." आई गेली त्या दिवसापर्यंत त्यांनी एक पहाट चुकवली नाही.

आणि त्यांचा शब्बाथ. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत दिवे लावले, की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत ना गॅस, ना फोन, ना प्रवास. लहानपणी शनिवारी त्यांच्या घरचा लाइट लावायला मीच जायचे, आणि दुसऱ्या दिवशी नारळाची वडी मिळायची. म्हणजे मला सगळं माहीत होतं. हे लक्षात ठेवा.

तर — विमान. मावशींची धाकटी बहीण मिल्का अहमदाबादला होती. तिचा मुलगा तिला कायमचं इस्रायलला नेणार होता. दोघी म्हाताऱ्या, पुन्हा भेट कसली व्हायची? मावशींच्या मनात एकच होतं — एक शेवटचा शुक्रवार दोघींनी मिळून दिवे लावायचे, लहानपणी आईजवळ उभ्या राहून लावायच्या तसे. सगळं सावकाश ठरत होतं आणि एका गुरुवारी फोन आला, की तारीख अलीकडे आली, मिल्का परवा रात्रीच निघणार. म्हणजे जायचं तर उद्याच. गुडघ्यांमुळे ट्रेनची रात्र मावशींना झेपणारी नव्हती.

त्या माझ्याकडे आल्या. आधार कार्ड पिशवीत तयार. "मला ते मोबाइलमधलं कळत नाय गं. सकाळचं बघ. उजेडात पोचले की झालं."

मी बघितलं. दुपारची विमानं खरंच भरली होती. एक पहाटेचं होतं, एक संध्याकाळचं. आपला इथला विमानतळ तेव्हा व्हायचा होता. मुंबईचा गाठायचा तर पनवेलहून मध्यरात्र उलटल्यावर उठून निघायला हवं. आणि गाडी कोण चालवणार? मी. मीच मोठ्या तोंडानं म्हटलं होतं ना — टॅक्सी कसली करता मावशी, मी सोडते की!

आता — आता सांगतेच. पहाटेच्या विमानात जागा होत्या. खिडकीच्यासुद्धा होत्या. आणि मी मोबाइलवरची नजर न काढता म्हटलं, "भरलं हो मावशी. संध्याकाळचंच आहे फक्त."

का? काही मोठं कारण असतं तर मलाही बरं वाटलं असतं. मला उठायचा कंटाळा आला. बस. थंडी होती, गोधडी होती. मनात म्हटलं, एखाद्या दिवशी सूर्य इकडेतिकडे मावळला तर देव काय डोळे वटारणार आहे? बहिणीसाठी जातील की! म्हणजे बघा, माझ्या झोपेसाठी मी त्यांचा देव सरकवून बसवायला निघाले होते.

मावशींनी बोटांवर वेळ मोजली. थंडीचे दिवस, लवकर अंधारतं. विमान हवेत असतानाच शब्बाथ लागणार. मग आधार कार्ड परत पिशवीत ठेवलं. "राहू दे. शब्बाथ मोडणार नाही असा आमच्या आईला दिलेला शब्द मोडून गेले, तर मिल्काच मला दारातून परत पाठवील." आणि वर माझ्याच पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तू तोंड पाडू नकोस. भरलं तर भरलं. तुझा काय दोष?"

तेव्हा बोलता आलं असतं. जागा अजून होत्या, मोबाइल माझ्या हातात होता. पण खरं सांगायचं म्हणजे आधी खोटं कबूल करायचं. तेवढी माझी छाती झाली नाही.

शुक्रवारी दोघी बहिणींनी फोनवर वेळ ठरवली, फोन ठेवले, आणि एकीनं पनवेलला, एकीनं अहमदाबादला, एकाच वेळी दिवे लावले. मी समोरच्या खिडकीतून बघत होते. मावशी पांढऱ्या पातळात, डोळ्यांवर हात धरून उभ्या. रडल्या नाहीत. केवढी बाई! रडायला मला आलं, पण माझं रडणं काय चाटायचंय? शनिवारी चांदण्या दिसल्यावर त्यांनी फोन लावला, तोवर मिल्का गाडीत बसली होती. चार शब्द झाले आणि आवाज तुटला.

मिल्का सुखरूप पोचली म्हणून मावशींनी मलिदा केला. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची — देवाचे आभार मानायची त्यांची रीत. घरभर माणसं होती. सगळ्यांदेखत म्हणाल्या, "या पोरीनं माझ्यासाठी फार धडपड केली हो. विमानच भरलेलं, ती तरी काय करणार?" आणि पहिली बशी माझ्या हातात दिली. मी खाल्ला. छान झाला होता. मी आणखी मागून घेतला.

वर्षाच्या आत मिल्का तिकडेच वारली.

आता विमानतळ दारात आलाय. विमानाचा आवाज आला की मावशी काठी टेकत गॅलरीत येतात, कपाळावर हात धरून वर बघतात. परवा मीही शेजारी उभी होते. म्हणाल्या, "किती विमानं झाली गं आता. आता सकाळच्या विमानात जागा मिळत असेल, नाय?"

"हो मावशी," मी म्हटलं. "मिळते."