समुद्राच्या पैशाची साडी

साडीच जाग्यावर न्हाई! चिक्की बांधणाऱ्या आमा मैतरणींचे थायलंडच्या समुद्राला जायचे समदे पैसे तिच्या घडीत. सासूबाई म्हणल्या, "जुनीच व्हती की! बोहारणीला देऊन पातेलं घेतलं." लेकराला काखंला मारून कार्ल्याच्या एसटी स्टॉपपतूर पळाले, दम न खाता. बोहारीण मावशी तितंच बसलेली, साडी मांडीवर. "आलीस व्हय, बये? कुण्या घरची ते ध्यानात येईना, दोन गाड्या सोडल्या. कशाचे गं एवढे पैसे घडीत?" रडत म्हणलं, "समुद्र बघायचाय, मावशी." ती हसली, "मंग मला एक शिंपला आण." आणलाय की, पर ती फिरून आलीच न्हाई. आज लेकरानं शिंपला कानाला लावला अन् वाटलं, इचारावं, तिच्या जागी तुमी असता, तर गाड्या सोडल्या असत्या?