दीडशे टक्क्यांवरचे आयकॉन

पुण्यात आम्ही दोघी एकाच खोलीत राहायचो. ती येरमाळ्याची, मी शेजारच्याच गावची, लग्नानंतर कळंबची झाले. एकाच जिल्ह्याच्या, म्हणून कंपनीत सगळे आम्हाला बहिणीच समजायचे. ती संगणकाच्या पडद्यावरचे आयकॉन काढायची: फोल्डर, प्रिंटर, कचऱ्याची टोपली. ते वेगवेगळ्या स्क्रीनवर नीट दिसतात का, हे तपासायचं काम माझं. लग्न झाल्यावर कंपनीनं मला घरून काम करू दिलं, तेही तिनं शब्द टाकला म्हणून.

पुढं कंपनीनं जास्त रेझोल्यूशनचा एक नवा मॉनिटर कळंबला पाठवला. तो ठेवायला जागा नव्हती, तर सासूबाईंनी त्यांचं शिलाई मशीन झाकून त्यावर फळी टाकून दिली. मी त्यावर तिनं काढलेला आयकॉनचा नवा संच उघडला. पडद्यावरचा आकार शंभर टक्के ठेवला की छान. दोनशेवर तर दृष्ट लागावी असा. पण आकार दीडशेवर नेला की बारीक रेषा दोन ठिपक्यांच्या मध्ये पडायच्या आणि काळ्याच्या राखाडी व्हायच्या. शोधायच्या आयकॉनमधल्या भिंगाची दांडी गोलापासून सुटल्यासारखी दिसायची.

सासूबाई मागून वाकून बघत म्हणाल्या, "मला वाटलं माजाच चष्मा पुसायचा राह्यलाय."

कितीतरी लोक लॅपटॉप दीडशेवरच वापरतात. मी ही चूक कंपनीच्या सिस्टिमवर नोंदवायला बसले, पण आधी तिला फोन लावला.

"अगं, सिस्टिमवर कशाला टाकतीस? सगळ्यांना दिसतं तिथं," ती म्हणाली. "मला सांगितलंस, झालं. मी त्या आकारासाठी वेगळे काढून देते."

"नक्की ना?"

"माझ्यावर भरवसा न्हाय व्हय तुझा?"

होता. मी लॅपटॉप मिटला आणि स्वयंपाकाला लागले.

संच तसाच बाहेर गेला. गिऱ्हाइकाचा संताप झाला, साहेबांनी सगळ्यांना व्हिडिओ कॉलवर बसवलं. "हे पुसट आयकॉन कुणाच्याच नजरेला पडले नाहीत?" त्यांनी विचारलं.

ती शांतपणे म्हणाली, "टेस्टिंगकडून माझ्यापर्यंत काहीच आलं नव्हतं, सर."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. माइक चालू करून मी म्हणाले, "मी फोनवर सांगितलं होतं."

"आमचं घरचं बोलणं नेहमीच चालतं," ती म्हणाली. "त्यात हे निघाल्याचं मला आठवत नाही."

पुण्याच्या खोलीत मला ताप आला की ती रात्रभर उशाशी बसायची, तेव्हाचा हाच आवाज. साहेब म्हणाले, "नोंद नाही ना? मग विषय संपला." माझं काम गेलं. मॉनिटर खोक्यात घालून मी कुरिअरवाल्याच्या ताब्यात दिला.

चैत्रात येडेश्वरीच्या यात्रेला ती गावी आली, आणि सरळ आमच्या दारात. तोवर मी एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायला लागले होते. सासूबाईंना मी काहीच सांगितलेलं नव्हतं. त्यांनी तिला हाताला धरून आत आणलं आणि तिच्यासाठी थालीपीठ लावायला चुलीकडं गेल्या.

मी हळू आवाजात विचारलं, "खरंच आठवत नव्हतं तुला?"

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "आठवत होतं."

"मग?"

"वेगळे काढायचं राहूनच गेलं. तुझं काय, घर आहे, नवरा कमावतोय. माझी नोकरी गेली असती तर मला घरी येऊन बसावं लागलं असतं. लगेच लग्न लावून दिलं असतं. तू सांभाळून घेशील असं वाटलं."

मला न विचारताच तिनं ते ठरवून टाकलं होतं. ती रडली असती, निदान चुकलं म्हणाली असती, तर मी काय केलं असतं कुणास ठाऊक. तिनं थालीपीठ पोटभर खाल्लं. "लई भारी झालंय," असं सासूबाईंना सांगितलं. त्यांनी आग्रहानं आणखी एक वाढलं.

मी तिला स्कूटीवरून एसटी स्टँडवर सोडलं. पूर्वी गाडी हलेपर्यंत आम्ही एकमेकींजवळ थांबायचो. ती उतरली, "फोन करते," म्हणाली. मी मान हलवली आणि येरमाळ्याची गाडी लागायच्या आत स्कूटी वळवली. तिचा फोन नंतर दोनदा येऊन गेला. मी उचलला नाही.