फियॉर्डकाठचे आबा

आमच्या आबा फोरमनना कशाचं कौतुक वाटल्याचं चाकणच्या कारखान्यात कुणी पाहिलेलं नव्हतं. नवा रोबोट बसला तेव्हा सगळे मोबाइल काढून उभे राहिले. आबा म्हणाले, "त्यात काय हाय? हात हायेत त्याला, डोकं कुठंय?" मालकांच्या मुलीच्या लग्नात ड्रोनने फुलं उधळली, तर म्हणे, "कावळ्याला शिकवलं तर त्योबी टाकंल." चिखलीच्या जुन्या शेतकरी घरातला माणूस. शेतं गेली, त्यांवर बारा मजले उभे राहिले. पण बांधावर उभं राहून दुसऱ्याच्या पिकाला नावं ठेवायची सवय आबांनी कारखान्यात जपून आणली होती.

त्यामुळे कंपनीने आबांना माझ्याबरोबर नॉर्वेला पाठवायचं ठरवलं तेव्हा मला नॉर्वेची काळजी वाटली. तिथे अगदी उत्तरेला, फियॉर्डच्या काठावर, ॲल्युमिनियमचे सुटे भाग ओतणारा एक छोटा कारखाना बंद झाला होता. त्यांचं मोठं मशीन आम्ही विकत घेतलं होतं. ते सोडवायचं, खुणा करायच्या आणि कंटेनरमध्ये भरून चाकणला धाडायचं. मशीन समजणारे आबा, इंग्रजी समजणारा मी. मी तेव्हा वाकडला राहायचो, नुकताच असिस्टंट मॅनेजर झालो होतो आणि जगातलं सगळं मला समजतं अशा वयात होतो.

तीन विमानं, एक बस आणि एक बोट करून आम्ही पोचलो. फियॉर्ड म्हणजे समुद्र डोंगरांच्या कुशीत मैलोन् मैल आत घुसतो ते. दोन्ही बाजूंना सरळ काळे कडे, त्यांच्या माथ्यावर जूनमध्येही बर्फ, खाली आरशासारखं पाणी आणि काठाला लाल लाकडी घरांची एक ओळ. मी बोटीचा कठडा धरून बघत उभा होतो. आबांनी कानटोपी नीट केली आणि म्हणाले, "पाणी आन डोंगर. पवना धरणावर गेलो असतो तर डबा गरम तरी राहिला असता."

गावात एक दुकान, एक चर्च आणि जेमतेम तीनशे माणसं. माझ्या सोसायटीच्या एका विंगमध्ये याहून जास्त राहतात आणि एकमेकांना याहून कमी ओळखतात. सूर्य मावळतच नसे. "फर्स्ट शिफ्ट अन् थर्ड शिफ्ट सारखीच की हितं," आबा कुरकुरले. "माणसानं सुटायचं कधी?" रस्त्याकडेला हिरवंगार मोकळं रान दिसलं की मात्र त्यांचे डोळे बारीक व्हायचे. "इचारा, गुंठा काय भाव?"

मी ज्याला विचारलं तो आर्ने. त्या मशीनवर तीस वर्षं काम केलेला, लांबट, अबोल माणूस. ते सोडवायला आम्हाला मदत करणं हे त्या कारखान्यातलं त्याचं शेवटचं काम. तो म्हणाला, "इथे कुणी घेत नाही. माणसं निघून चाललीत." मी मराठीत सांगितलं. चिखलीत वाढलेल्या माणसाला, ज्या जमिनीला गिऱ्हाईक नाही ती जमीन कशाला म्हणायची, हेच कळेना.

आबांना नॉर्वेजियन येत नव्हतं, आर्नेला मराठी येत नव्हतं आणि इंग्रजी दोघांनाही बेताचंच. तरी चार दिवसांत त्यांचं भांडण जमलं. आबा सुट्या भागांवर खडूने मराठी आकडे टाकायचे, आर्ने त्याशेजारी आपले टाकायचा. दुपारी आबांनी बायकोने बांधून दिलेला ठेचा त्याला कडक भाकरीबरोबर वाढला. मुद्दाम जास्तच वाढला. आर्नेचे डोळे वाहायला लागले, कान लाल झाले. तो पाणी प्यायला आणि त्याने पुन्हा भाकरी पुढे केली. "येडं हाय," आबा म्हणाले. आबांच्या तोंडून एवढी स्तुती मी पहिल्यांदाच ऐकली.

आर्नेच्या खुशीला आणखी एक कारण होतं. मशीन चाकणला पुन्हा उभं करायला त्याला तीन महिने बोलवायचं ठरत होतं. त्याच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्या गावात, दुसरं काम मिळणार नव्हतं. आबांचंही काही ठरत होतं. डिसेंबरात ते रिटायर होणार होते आणि चाकणच्या मोठ्या साहेबांनी दोन वर्षांचं एक्स्टेन्शन तोंडी कबूल केलं होतं.

सहाव्या दिवशी मशीनची मोठी पोलादी प्लेट क्रेनने उचलायची होती. उचलायचा पट्टा आबांनी अडकवला. आर्ने पुढे आला, मान हलवली आणि पट्टा अजून मागे घ्या असं हाताने दाखवलं. "तीस वर्षं मीबी गोट्या न्हाई खेळलो," आबा मला म्हणाले आणि क्रेनवाल्याला अंगठा वर करून दाखवला. आर्ने दोन्ही तळहात पुढे करून थांबा, थांबा करत होता. प्लेट उचलली, एका अंगाला कलली आणि झोका घेऊन मशीनला तेल पुरवणाऱ्या मोठ्या लोखंडी ठोकळ्यावर आदळली. कुणाला लागलं नाही. ठोकळ्याला मात्र वीतभर तडा गेला, आणि तो बनवणारी कंपनीच आता उरली नव्हती.

चाकणहून फोन आला. लेखी कळवा, चूक कुणाची? मी खोलीवर बसून इंग्रजीत व्यवस्थित मेल लिहिली. स्थानिक कामगाराच्या चुकीच्या इशाऱ्यामुळे अपघात घडला. फार विचार करावा लागला नाही, हे आज सांगायला हवं. आबा वाचले, मी वाचलो. आर्ने काय, तो कुठे आमचा.

संध्याकाळी आबांनी विचारलं, "काय कळवताय?" ते खूश होतील अशा खात्रीने मी मराठीत वाचून दाखवलं. भाकरीचा घास त्यांच्या हातातच राहिला.

"सायब, त्याचा हात तर थांबा म्हनत व्हता. मी बघितला व्हता."

"आबा, तुमचं एक्स्टेन्शन आहे."

"मला ठावं हाय. माझं नाव टाका."

"अहो, त्याला काय फरक पडतो? त्याचा कारखाना तर बंदच झालाय."

एरवी मला सायब आणि तुमी म्हणणारे आबा एकदम अरे-तुरेवर आले. "कारखाना गेला त्याचा. आता नावबी न्हेतोस व्हय रं? खोड ते!"

मी खोडलं. पट्टा आबांनी चुकीचा लावला, आर्नेने सावध केलं होतं, असं लिहिलं. आबांनी ते माझ्याकडून मराठीत दोनदा वाचून घेतलं आणि मगच पाठवू दिलं.

यावरून आबा संत होते असं कुणी समजू नये. दुसऱ्या दिवशी आर्नेला ते सॉरीसुद्धा म्हणाले नाहीत. मी सांगू का म्हटलं, तर, "गप ऱ्हावा, डोक्यावर बसंल." उरलेले दिवस त्यांनी त्याच्या प्रत्येक नटबोल्टला नावं ठेवली. फक्त प्रत्येक वेळी पट्टा लावला की मागे सरकून त्याच्याकडे बघायचे, आणि तो मान हलवेपर्यंत अंगठा वर करायचे नाहीत.

आमच्या कारखान्याच्या गेटवर एक पाटी आहे: 'चूक मान्य करा, पुढे चला.' साहेबांनी मेलच्या उत्तरात आबांच्या प्रामाणिकपणाचं टाळ्यांच्या चित्रासकट कौतुक केलं आणि डिसेंबरात आबा चूक मान्य करून थेट त्या गेटच्या पुढे गेले. एक्स्टेन्शन धोरणात बसत नव्हतं, असं कळलं. तडा गेलेला ठोकळा भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये पंधरा दिवसांत नवा करून मिळाला.

ठरल्याप्रमाणे आर्ने मशीन उभं करायला चाकणला आला. निरोप समारंभात आबांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ बंद होतं; कुणी सेल टाकले नव्हते. आर्नेला मी तोवर सगळं सांगितलं होतं. त्याने भर समारंभात आबांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. आबा अवघडून माझ्याकडे बघत म्हणाले, "याला सांगा, लोकं बघत्यात." रविवारी ते त्याला चिखलीला जेवायला घेऊन गेले. गच्चीवरून चारी बाजूंच्या इमारती दाखवून म्हणाले, "ही समदी आमची शेतं." मी भाषांतर केलं. आर्नेने नजर फिरवली आणि विचारलं, "आता रोज सकाळी तुम्ही कुठे जाता?" हे मी आबांना मराठीत सांगितलं नाही. जेवण वाढलंय, एवढंच सांगितलं.

आबा मागच्या वर्षी गेले. मी आता आर्नेच्या त्या मशीनच्या विभागाचा प्रमुख आहे. आबांनंतर तशी मेल मी कधी लिहिली नाही, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. दोनदा लिहिली. एकदा कंत्राटी हेल्परचं नाव टाकलं आणि पाठवली. तो दुसऱ्या दिवसापासून दिसला नाही. दुसरी काल लिहून झाली, तेव्हा उठून कारखान्यात एक चक्कर मारली, परत आलो, आणि त्यातल्या कामगाराच्या नावाच्या जागी माझं, म्हणजे खरं, नाव घातलं. साहेबांचं कौतुकाचं उत्तर, टाळ्यांच्या चित्रासकट, सकाळीच आलंय. मार्चमध्ये बढत्या आहेत.