विहीणबाईंचा कहरुबा

पुराव्याशिवाय काहीही मान्य करू नये, या तत्त्वाने मी आयुष्यात एकच गोष्ट निर्विवाद सिद्ध केली, आणि ती सिद्ध होताहोताच संपली.

मी केजला कचेरीबाहेर बसणारा अर्जनवीस आहे. (शिक्षण नववी. दहावीचा निकाल मला अद्याप मान्य नाही.) आमची कन्या सविता अंबाजोगाईस नर्स आहे. आलेले प्रत्येक स्थळ नाकारून तिने आम्हांस पुरते दमवले होते. अखेर नांदूरघाटचा मुलगा तिला मनापासून पसंत पडला. सुपारी फोडण्याचा दिवस ठरला. सकाळीच सौभाग्यवती म्हणाली, "अहो, पाया पडते तुमच्या. सुपारी फुटंपर्यंत कमी बोला."

मी कमीच बोलणार होतो. परंतु विहीणबाईंनी बटव्यातून काळ्या दोऱ्यात ओवलेला, मधाच्या रंगाचा एक मोठा मणी काढला.

"आमच्या सासूबाईंचा कहरुबा हाय. कावीळ झालेल्या लेकराच्या गळ्यात घालायचा. गावातली लई लेकरं बरी झालीत यानं. आता सुनंच्या गळ्यात घालते."

सविता नर्स असूनही आदराने गप्प राहिली. मी नर्स नसल्याने बोललो.

"यालाच अंबर ऐसेही म्हणतात! झाडाचा डिंक जमिनीत युगानुयुगे राहून त्याचा असा खडा होतो. तसे अंबर म्हणजे आकाशही. देवमाशाच्या पोटातून निघणारे सुगंधी द्रव्य, तेही अंबर. अंबर म्हणजे वस्त्र, जसे, पीतांबर. दिगंबर म्हणजे दिशा हेच ज्याचे वस्त्र, अर्थात ज्याच्या अंगावर काहीही..."

"चहा घ्या!" सौभाग्यवती किंचाळली.

तेवढ्यात विहीणबाईंची धाकटी जाऊ नाक मुरडून म्हणाली, "कशाचा कहरुबा! मी लग्न होऊन आले तवापासून सांगते, पिलास्टिक हाय ते. सासूबाईंनी आक्काला फशिवलं."

विहीणबाईंचा चेहरा उतरला. त्यांच्या गैरहजर सासूची अब्रू पणास लागलेली पाहून माझ्यातील अर्जनवीस जागा झाला. मी मणी मागून घेतला, बाहीवर खसाखसा घासला आणि कागदाच्या कपट्यांवर धरला. कपटे टपाटप मण्याला चिकटले!

"पाहा! अस्सल!"

"त्यात काय?" जाऊबाई म्हणाल्या. "माझा कंगवा बी उचलतोय की कागद."

(हा मुद्दा बिनतोड होता. अशा वेळी शहाण्या माणसाने पुढची तारीख मागावी.) परंतु उरुसातील एका अत्तरवाल्याने मला सांगितले होते की, खऱ्या कहरुब्याला जराशी धग दिली की धुपासारखा वास सुटतो. शेजारीच समई तेवत होती.

"अण्णा, नका!" सविता ओरडली.

मी धग जराशीच देणार होतो. पण डिंक तो डिंकच! मण्याने भक्कन पेट घेतला. दोरा जळून तुटला, मणी सुपारीच्या ताटात पडला आणि ताटातला रुमाल पेटला! मी हाताला येईल ते वस्त्र त्यावर दाबले. ती व्याह्यांसाठी आणलेली आहेराची टोपी होती. टोपीला मधोमध भोक पडले. घरभर मात्र देवळासारखा सुगंध दरवळला.

"खरा आहे!" मी विजयाने गर्जलो.

काळा पडलेला गोळा पाहत विहीणबाई म्हणाल्या, "व्हता."

व्याह्यांनी चपलांकडे पाहिले. सविताच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. ते पाहून मला प्रथमच आपण नववीतच थांबायला हवे होते असे नव्हे, तर चौथीतच, असे वाटले.

विहीणबाईंनी दीर्घ श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. मग त्या सावकाश जावेकडे वळल्या.

"आला का वास?"

जाऊबाईंनी पदर नाकाला लावला.

"नीट घे की. पिलास्टिकला येतो का असा वास? सारी हयात माझ्या सासूला लबाड म्हणलीस. आता गावात जाऊन सांग, चार मानसांत खरा ठरला म्हनून!" मग त्यांनी सविताला जवळ ओढले. "रडू नगंस, बाई. मणी गेला, पर सासूची अब्रू राहिली. फोडा सुपारी."

मी नम्रपणे म्हणालो, "विहीणबाई, हे माझ्या परीक्षेमुळेच..."

"इवाई," त्या म्हणाल्या, "पोरगी पसंत हाय. पर लग्नात तुमी बोहल्याजवळ यायचं न्हाई. लाह्यांचा होम खरा हाय का, ते बी बघत बसाल!"

सर्वजण हसले. मीही हसलो. हा विनोद नसून अट आहे, हे मला लग्नाच्या दिवशी कळले. कन्यादान माझ्या मेहुण्याने केले. मला मंडपाच्या दारात गुलाबपाणी शिंपडायला उभे केले होते. उभे राहून पाय दुखले. इतक्यात एका पाहुण्याने आपुलकीने विचारले, "तुमी पोरीकडचे का पोराकडचे?"

मी थकून म्हणालो, "दाराकडचा."