वाणात आलेला गोठ्यातला बल्ब

धोंड्याच्या महिन्यात सासऱ्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. आम्ही लातूरला राहतो, ते देगलूरकडचे. म्हशींमुळे सासू-सासरे गावात न राहता शेतातल्या आखाड्यावरच, पत्र्याच्या खोपटात असतात. तिथवर विजेचा खांब पोचलेला नाही. पत्र्यावर सोलरचं एक लहानसं पॅनेल, खाली बॅटरी आणि गोठ्याच्या आढ्याला एक बल्ब, एवढ्यावर त्यांचं भागतं. म्हणजे भागत होतं.

माझ्या जिभेला हाड नाही. त्यात जावई काही बोलला की लोक हसायला तयारच असतात. जेवणं झाल्यावर सासूबाईंनी अनारशांचं ताट आणि वाणाचा चांदीचा दिवा पुढे केला. मी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणालो, "हा कपाटात जाऊन बसणार. द्यायचा तर उजेड पडणारा द्या, तुमच्या गोठ्यातल्यासारखा." सगळे हसले, मी सगळ्यांत जास्त. सासरे हसले नव्हते, हे मला नंतर आठवलं.

दुपारी आडवा झालो तर पत्र्यावर खुडबुड ऐकू आली. माकडं असतील म्हणून मी कूस बदलली. निघताना सासऱ्यांनी डिकीत खताच्या जुन्या पोत्यात बांधलेलं काहीतरी ठेवलं. तुरीची डाळ असेल, असं मी धरून चाललो.

घरी येऊन पोतं सोडलं. आत पॅनेल, बॅटरी, नीट वेटोळं केलेली वायर आणि लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेला बल्ब. बल्बवर माश्यांचे ठिपके तसेच होते.

"अहो, हे तर आखाड्यावरलं हाय," बायको म्हणाली. आणि त्या चिंधीची घडी घालत बसली. भांडली असती तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लगेच फोन लावला आणि उद्याच परत आणतो म्हणालो.

"वाण माघारी घेत न्हाईत, जावईबापू," सासरे म्हणाले. "तुम्ही तोंडानं मागितलं, ह्यात आमचा मान हाय."

मग नवीन घेऊन देतो म्हटलं, तर लेकीच्या घरचं त्यांना चालत नाही. सुगी झाली की आपलं आपण घेऊ, म्हणाले. मी मस्करी केली होती, हे सांगायचं ओठांवर आलं होतं. पण ज्यात त्या माणसाला मान वाटला, ती नुसती थट्टा होती हे कोणत्या तोंडाने सांगणार? आजही त्यांना ते ठाऊक नाही.

आमच्या फ्लॅटमध्ये इन्व्हर्टर आहे. दोन्ही दिवे कपाटात पडून आहेत.

संध्याकाळी सासूबाई धार काढायला बसल्या की मायलेकींचं फोनवर बोलणं चालायचं. त्यांचा मोबाईलही त्याच बॅटरीवर चार्ज व्हायचा, हे मला माहीत नव्हतं. आता त्या वेळेला तो बंद असतो. तरी बायको रोज एकदा लावून बघते, आणि मी उठून दुसऱ्या खोलीत जातो.